जहाजावरची दारू: कायदे, रिवाज आणि आपले गैरसमज

जुना_मेट (बडोदा)

नमस्कार मंडळी.

आपल्या बडोद्यात कुणी मर्चंट नेव्हीत आहे म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले. पगार डॉलरमध्ये मिळतो का, आणि बोटीवर रोज दारू असते का. पहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्यापायी मात्र ओळखीतल्या एका गुणी मुलाचं स्थळ नुकतंच नाकारलं गेलं. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं, बोटीवरचा मुलगा म्हणजे पिणारा, आम्हाला नको. हा मुलगा टँकरवर (तेलवाहू बोटीवर) थर्ड मेट, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा डेक अधिकारी आहे आणि त्याच्या बोटीवर बिअरचा कॅनसुद्धा चढू देत नाहीत. ऐकून राहवलं नाही, म्हणून हा धागा. माझी सगळी नोकरी डेकवर गेली, आता निवृत्त आहे. पाहिलेलं आणि वाचलेलं दोन्ही लिहितो.

खलाशी आणि दारू ही जोडी जमली ती ब्रिटिश आरमारात, आणि तिथे ती सरकारनेच जमवली होती. शिडाच्या जहाजांवर पिण्याचं पाणी लाकडी पिंपांत भरत. काही आठवड्यांत त्यात शेवाळ धरे, घाण वास येई. म्हणून माणशी रोज एक गॅलन, म्हणजे साधारण साडेचार लिटर बिअर मिळे. उष्ण समुद्रात बिअरही टिकेना. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतलं आणि तिकडची रम पिंपांत आली. रम नासत नाही आणि जागाही कमी खाते. १७३१ च्या नियमावलीत बिअरच्या जागी दिवसाला अर्धा पाइंट रम असं प्रमाण लिहिलं गेलं. आजच्या हिशेबात ती पाव लिटरच्या आसपास भरते, आणि तीही पाणी न घातलेली. एवढी पोटात घेऊन माणसं डोलकाठीवर चढत आणि पडून मरत.

२१ ऑगस्ट १७४० ला ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी हुकूम काढला: अर्ध्या पाइंट रममध्ये एक क्वार्ट (दोन पाइंट) पाणी, म्हणजे एकास चार, आणि तेही दिवसातून दोनदा विभागून. मिसळायचं कुठे, तर डेकवर, त्यासाठी ठेवलेल्या पिंपात, पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटच्या डोळ्यांदेखत. खलाशांना आपली रम फसवून कमी दिली असं वाटू नये, हाही हेतू त्यात होता. व्हर्नन यांच्या ग्रॉगरम कापडाच्या कोटावरून त्या पेयाला ग्रॉग नाव पडलं. मला या हुकमातलं शहाणपण फार मोलाचं वाटतं. निव्वळ रम माणूस लपवून साठवतो आणि एके रात्री सगळी पितो. पाणी घातलेली रम फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ती तिथेच, सगळ्यांबरोबर संपवावी लागते.

पुढे १८२४ मध्ये हे प्रमाण निम्मं झालं, १८५० च्या सुमारास आणखी निम्मं. शेवटी उरलं ते पाइंटचा आठवा भाग, ७१ मिली. आपल्याकडच्या मोठ्या पेगपेक्षाही जास्त, आणि रम ५४ टक्क्यांच्या वरची. वीस वर्षांखालच्या पोराला ती मिळत नसे. जो घेत नसे त्याच्या पगारात दिवसाला तीन पेन्स जास्त पडत. ३१ जुलै १९७० ला शेवटची रम वाटली गेली. तोवर जहाजावर रडार, क्षेपणास्त्रं, अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुड्या आल्या होत्या. ते चालवणाऱ्याने भर दुपारी ७१ मिली घ्यावी हे ब्रिटिश आरमाराला पटेना. कॅनडाच्या नौदलाने १९७२ मध्ये रम थांबवली, न्यूझीलंडने १९९० मध्ये.

अमेरिकन नौदलाचा मार्ग वेगळा. खलाशांचा दारूचा शिधा तिथे १ सप्टेंबर १८६२ लाच बंद झाला. अधिकाऱ्यांची वाइन चालू होती, ती नौदल सचिव जोसेफस डॅनियल्स यांच्या ९९ क्रमांकाच्या हुकमाने १ जुलै १९१४ पासून गेली. आजही अमेरिकन युद्धनौका कोरडी असते. अपवाद एकच: सलग ४५ दिवस बंदर न पाहता समुद्रात काढले, तर माणशी दोन कॅन बिअर देता येते.

आता मर्चंट नेव्ही. इथे कुणी फुकट दारू वाटत नाही. पूर्वी प्रत्येक बोटीवर बाँड असायचा, म्हणजे बंदरात ड्यूटी न भरता घेतलेल्या दारू-सिगारेटींची कुलूपबंद खोली. किल्ली कप्तानाकडे. साधारण शनिवारी बाँड उघडायचा. कप्तान किंवा स्टुअर्ड दारात टेबल टाकून बसायचा, समोर रांग. वहीत नाव, रँक, दोन केस बिअर, एक कार्टन सिगारेट, सही. पैसे महिन्याच्या हिशेबात कापले जायचे. वहीत कुणाचं नाव सारखं दिसायला लागलं की कप्तान त्याला केबिनमध्ये बोलावून घ्यायचा. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते कप्तान ही वही अगदी बारकाईने वाचायचे.

बंदर जवळ आलं की शिल्लक मालाचा तक्ता तयार करायचा. कस्टम्सचे लोक चढले की बाटल्या मोजून, बेतापुरता माल बाहेर ठेवून, दाराला सील. बोट बंदर सोडेपर्यंत ते सील तोडायचं नाही. एक बाटली कमी-जास्त निघाली तर दंड बोटीला.

नियमांचं बाकी पुढच्या प्रतिसादात लिहितो. हात दुखायला लागला.

मेधा_मांजलपूर

काका, फार छान लिहिताय. एक शंका आहे. कांडला, मुंद्रा, पिपावाव, दहेज ही सगळी बंदरं आपल्या गुजरातेत. इथे तर १९६० मध्ये राज्य झाल्यापासून दारूबंदी. मग बोट धक्क्याला लागली की त्या बाटल्यांवर राज्याचा कायदा लागतो की नाही?

जुना_मेट (बडोदा)

मेधाताई, प्रश्न नेमका आहे. परदेशी फेरीवरच्या बोटीतला माल कस्टम्सच्या ताब्यातला मानतात. १९६२ च्या कस्टम्स कायद्याचं ८७ वं कलम सांगतं की बोट परदेशी फेरीवर आहे तोवर तिच्यावरचा आयात साठा ड्यूटी न भरता बोटीवरच वापरता येतो. गँगवेची पायरी उतरून बाटली धक्क्यावर आली की मात्र कस्टम्स आणि राज्याची दारूबंदी, दोन्ही एकदम लागतात. म्हणून कांडल्याला सील नेहमीपेक्षा कडक, आणि ते योग्यच आहे. आमच्यातले बडोद्याचे लोक मुंबई विमानतळावर ड्यूटी फ्रीची बाटली घेतच नसत. परमिट नसेल तर ती घरी आणणं हा गुन्हा आहे.

रावपुरा_वकील

थोडी भर घालतो. आपल्याकडचा दारूबंदी कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९४९ सालचा. त्याच्या ३९ व्या कलमात युद्धनौका, सैन्य वाहून नेणारी जहाजं आणि सैन्यदलांच्या मेस-कँटीनमध्ये विदेशी मद्याला परवानगी देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जहाजं होतीच. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला तो १९५१ च्या मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात. सैन्याला सवलत आणि सामान्य नागरिकाला बंदी, यात समानतेच्या हक्काचा भंग होतो का, हाही त्यात एक मुद्दा होता. न्यायालयाने सैन्याची सवलत उचलून धरली, कारण त्यांचं काम आणि राहणीमान वेगळं आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात.

नेव्हीवाले_भाऊ

मी भारतीय नौदलातून निवृत्त, आता वारसियात राहतो. जुना_मेट साहेबांनी ब्रिटिशांचं लिहिलं, मी रिवाजांचं लिहितो.

ब्रिटिश नौदलात राजाच्या नावाचा टोस्ट, म्हणजे त्याच्या नावाने पेला उंचावणं, बसून करतात. लाकडी जहाजांची छतं इतकी ठेंगणी होती की उभं राहिलं तर डोकं तुळईवर आपटे. त्यांच्याकडे वाराप्रमाणे टोस्ट ठरलेले असतात. शनिवारचा टोस्ट बायका आणि प्रेयसींच्या नावाचा होता. २०१३ मध्ये तो बदलून 'आपली कुटुंबं' असा केला, कारण आता जहाजावर स्त्रियाही अधिकारी आहेत. मला हा बदल मनापासून आवडला.

आपल्याकडे सगळ्यात देखणा रिवाज जलावतरणाचा आहे. पाश्चात्त्य देशांत जहाजाच्या नाळेवर शॅम्पेनची बाटली फोडतात. आपण नारळ फोडतो, अथर्ववेदातले मंत्र म्हणतात, आणि जहाज पाण्यात सोडण्याचा मान स्त्रीचा असतो. १२ ऑगस्ट २०१३ ला कोचीत विक्रांतचं जलावतरण झालं तेही असंच. कोकणात कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्याच घरातली ही रीत.

बडाखान्याला रम असते, हे लपवण्यासारखं काही नाही. जवान, अधिकारी एकत्र जेवतात. जो घेत नाही तो साध्या पाण्याचा ग्लास उचलतो. माझ्या नोकरीत असे कितीतरी होते, त्यांना कुणी कधी कमी लेखलं नाही.

कारेलीबागची_सून

माझे मिस्टर मरीन इंजिनीअर आहेत. लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर बोटीवर राहिले आहे, तेव्हाचं सांगते. तेव्हा दर शनिवारी डेकवर बार्बेक्यू असायचा. फिलिपिनो बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) गिटार वाजवायचा, आपला रत्नागिरीचा कुक कोलंबी तळायचा, कप्तान येऊन सगळ्यांशी बोलायचे. कुणी दोन बिअर घ्यायचं, कुणी कोकम सरबत. दहाला सगळे आपापल्या केबिनमध्ये.

नंतर मिस्टरांच्या कंपनीने सगळ्या बोटी कोरड्या केल्या. पुन्हा काही महिने बरोबर गेले तेव्हा स्मोक रूममध्ये जेवणानंतर चिटपाखरू नसायचं. बाटलीबरोबर बार्बेक्यूही गेला होता. तो बंद करा असं कुणीच सांगितलं नव्हतं. माणसं ड्यूटी संपली की दार लावून मोबाइल घेऊन बसायची. एका पोराच्या आईचं ऑपरेशन होतं, ते दोन दिवस कुणाला कळलंही नाही. पूर्वी शनिवारी त्याच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओळखलं असतं. दारू परत आणा असं मी म्हणत नाही. पण दारूबरोबर आणखी काय जातं तेही कुणीतरी पाहायला हवं.

टँकर_चीफ

कारेलीबागच्या ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरीही मी कोरड्या बोटीच्या बाजूने ठाम आहे, आणि का ते सविस्तर लिहितो.

२४ मार्च १९८९. एक्सॉन वाल्डेझ टँकर अलास्कात प्रिन्स विल्यम साउंडमधल्या ब्लाय रीफवर चढला. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. कप्तान बंदरात पिऊन आला होता, हा आरोप जगभर गाजला. त्याचं रक्त तपासायला घेतलं ते अपघातानंतर दहा तासांहून अधिक वेळाने. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्याला सोडलं. पण टँकरच्या धंद्याने धडा घेतला. तेल कंपन्यांच्या ओसिम्फ या संघटनेने रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०४ टक्के सुचवली, आणि आज बहुतेक टँकर कंपन्यांत ती शून्य आहे. अमेरिकेत व्यापारी जहाजांना ०.०४ हा कायदाच आहे आणि मोठा अपघात झाला तर दोन तासांत अल्कोहोल टेस्ट करावी लागते.

'ड्यूटीवर नसताना घेतली तर काय बिघडलं' हे मी नेहमी ऐकतो. आमच्या बोटीवर वीस-बावीस माणसं. आग लागली तर फायर ब्रिगेड कोण? हीच माणसं. इंजिन रूम रात्री माणसाविना चालते, अलार्म झाला की ड्यूटी इंजिनीअरच्या केबिनमध्ये वाजतो, तो एकटा उठून खाली जातो. टाकीत नाफ्था, पंप रूममध्ये गॅस. दोन वाजता जनरल अलार्म झाला आणि पाचपैकी दोघं झोकांड्या खात आले तर ब्रीदिंग अपॅरेटस कुणाच्या पाठीवर चढवू? टँकरवर ड्यूटी संपली असं कधीच नसतं.

जुना_मेट (बडोदा)

चीफसाहेब, टँकरच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. गॅस कॅरिअर आणि प्रवासी बोटींनाही तेच लागू.

पण वाल्डेझबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण ती नेहमी गळते. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने कप्तानाच्या दारूला दोष दिलाच, पण त्याचबरोबर थर्ड मेटचा थकवा आणि कामाचा अतिरिक्त बोजा, कमी माणसांत बोट चालवणारी कंपनी, किनाऱ्यावरची अपुरी वाहतूक-देखरेख हेही लिहिलं. दारू छापून आली, थकवा राहून गेला.

आता आंतरराष्ट्रीय नियम. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण आणि पहारा यांचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार, त्यात २०१० च्या मनिला दुरुस्त्या झाल्या, १ जानेवारी २०१२ पासून लागू. त्यात पहिल्यांदा बंधनकारक मर्यादा आली: रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात लिटरला ०.२५ मिलिग्रॅम. कप्तान, अधिकारी आणि सुरक्षेची ठरावीक कामं करणारे बाकीचे खलाशी, सगळ्यांना. वॉचच्या (पहाऱ्याच्या पाळीच्या) आधी चार तास घेऊ नये ही सूचनाही आहे. कराराने बाटलीवर बंदी घातलेली नाही, त्याने माणसाची अवस्था मोजायला लावली आहे. त्यावर कंपनी आणखी कडक होऊ शकते.

नियम असूनही अपघात होतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिसब्लिंक सीवेझ (Lysblink Seaways) ही मालवाहू बोट स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पूर्ण वेगात चढली. रात्री ब्रिजवर (बोट चालवण्याच्या खोलीत) एकटाच असलेला अधिकारी सुमारे अर्धा लिटर रम प्यायला होता. घरच्या काळजीने ग्रासलेला होता, हे ब्रिटिश तपास अहवालात आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सीग्रँड ही रशियन बोट कोरियात बुसानच्या ग्वांगान पुलावर आदळली. कप्तानाच्या रक्तात ०.०८६ टक्के निघाले.

आणि वाकाशिओ ही मालवाहू बोट. २५ जुलै २०२०, मॉरिशस. त्या रात्री बोटीवर वाढदिवसाची पार्टी होती म्हणून आपल्याकडे सगळं खापर पार्टीवर फुटलं. पण बोट किनाऱ्याजवळ नेली ती घरच्यांशी बोलायला मोबाइलचं नेटवर्क मिळावं म्हणून. हजार टनांच्या आसपास तेल प्रवाळांवर पसरलं. कप्तान आपला भारतीय होता, त्याला आणि चीफ ऑफिसरला शिक्षा झाली. करोनाच्या त्या वर्षी जगभर खलाशांचे करार लांबत गेले होते, रिलीव्हर (बदलीची माणसं) येत नव्हते. मी कुणाची चूक पोटात घालत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की घराची ओढ, झोपेचा तुटवडा आणि एकटेपण यांचं मोजमाप कुठल्याच ब्रीथलायझरवर होत नाही.

म्हणून मला वही आठवते. वहीत दिसायचं कोण किती घेतोय. कोरड्या बोटीवर ज्याला प्यायचीच आहे तो बंदरातून पाण्याच्या बाटलीत व्होडका आणतो आणि ती एकटा, दार लावून पितो. आपण गुजरातचे लोक लपून पिण्याचे परिणाम चांगले ओळखतो. २००९ मध्ये अहमदाबादच्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूने, शंभराहून जास्त माणसं गेली. टँकर सोडून बाकी बोटींवर मोजकी, उघड, वहीत नोंदलेली बिअर मला जास्त सुरक्षित वाटते. आणि जिथे बंदी हवीच तिथे कंपनीने शनिवार जिवंत ठेवावा, त्यासाठी पैसे द्यावेत, कप्तानाने स्वतः तिथे येऊन बसावं.

टँकर_चीफ

शनिवारचं मान्य. आमच्याकडे कॅरम आणि बिर्याणी आहे, मी स्वतः खेळतो. वहीचं मात्र मान्य नाही. बिअर उघड मिळाली म्हणून व्होडका लपवणारा थांबत नाही, त्याला बर्फ मिळतो फक्त. त्याला उपचार हवेत, आणि नोकरी जाईल या भीतीशिवाय ते मागता यायला हवेत. त्यासाठी भांडू या, दोघं मिळून.

जुना_मेट (बडोदा)

याला माझी साथ आहे.

डेक_कॅडेट_०७

काका, पुढच्या महिन्यात पहिली बोट जॉइन करतोय, बल्क कॅरिअर. घरी कुणी पीत नाही. सीनिअर आग्रह करतात असं ऐकलंय. आणि ब्रीथलायझर टेस्ट कशी होते? चुकून पॉझिटिव्ह येते का?

जुना_मेट (बडोदा)

बाळा, आग्रहाचं आधी. 'सर, मी घेत नाही' एवढंच म्हण. कारण देत बसू नकोस, कारण दिलं की त्यावर वाद होतो. बहुतेक जण दुसऱ्यांदा विचारत नाहीत. कुणी फारच मागे लागला तर चीफ ऑफिसरला सांग. कॅडेटला जबरदस्ती करणाऱ्याला आजकाल कुणी पाठीशी घालत नाही.

टेस्ट न सांगता होते. कप्तान यादीतून नावं काढतो, नवं प्लास्टिकचं माउथपीस लावतो, तू एका दमात लांब फुंकायचं, आकडा आला की वेळेसकट नोंद आणि दोघांच्या सह्या. माउथवॉश आणि काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, ते तोंडात रेंगाळतं. असं काही घेतलं असेल तर आधी सांग, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा घेतात. तोंडातलं असेल तर तेवढ्यात उतरतं.

ज्यांना घ्यायची असते त्यांच्यासाठीही एक हिशेब लिहितो, कारण यात सगळ्यात जास्त पोरं अडकतात. शरीर तासाला साधारण ०.०१५ टक्के अल्कोहोल उतरवतं. शोअर लीव्हवर (बंदरात उतरायच्या सुट्टीत) कुणी ०.१२ पर्यंत घेतली तर ती शून्यावर यायला आठ तास लागतात. रात्री बाराला थांबला आणि पहाटे चारच्या वॉचला उभा राहिला तर रक्तात अजून ०.०६ आहे. चार तासांची सूचना त्याने तंतोतंत पाळली, तरी मर्यादेच्या वर. काळी कॉफी आणि गार पाण्याची अंघोळ याने झोप उडते, अल्कोहोल तसंच राहतं.

मेधा_मांजलपूर

माझ्या भाच्यालाही हेच वाचायला देते. काका, बोट कोरडी आहे की नाही हे आधी कळतं का?

जुना_मेट (बडोदा)

कळतं. प्रत्येक कंपनीचं ड्रग अँड अल्कोहोल धोरण लेखी असतं आणि बोटीच्या सेफ्टी मॅन्युअलमध्येही असतं. एजंटच्या ऑफिसात करारावर सही करायच्या आधी ते मागून घ्यायचं. तीन ओळी बघायच्या: मर्यादा शून्य आहे की आकडा आहे, टेस्ट नाकारली तर काय, आणि पॉझिटिव्ह आल्यावर उपचाराची सोय आहे की थेट घरी पाठवतात. तिसरी ओळ कित्येक ठिकाणी नसतेच. नसेल तर विचारायचं आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं.